संपणारे खेळ

2025च्या 15 ऑगस्टला झेंडावंदन उरकून आमच्या गावात ग्रामसभा बसली आणि पाणीपुरवठ्याचा विषय बाजूला राहून मोबाईलवरच्या गेमवरून दीड तास भांडण झालं. निमित्त हलकं नव्हतं. गावातल्या एका पोराने बापाच्या खात्यावर जमा झालेलं पीककर्ज ऑनलाइन रमीत घालवलं होतं आणि बाप खताच्या दुकानदाराला तोंड चुकवत फिरत होता. एकाने तरातरा उठून ठराव मांडला: अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात गेम दिसला की मोबाईल जप्त. पैसे घालवणारा पोरगा तेवीस वर्षांचा आहे हे कुणाला आठवलं नाही. दुसऱ्या बाजूने पुण्याहून सुट्टीला आलेला एक जण उसळला, "जग कुठं चाललंय आन तुम्ही कुठं! पोरं गेम खेळून लाखानं कमवायलीत." टाळ्या दोघांनाही पडल्या. ठराव लटकला, कारण पावसाची सर आली आणि मंडप गळायला लागला.

मी मागे सतरंजीवर बसलो होतो आणि मला दोघांचाही राग येत होता. एकाच्या लेखी गेम म्हणजे व्यसन, दुसऱ्याच्या लेखी गेम म्हणजे धंदा. पण 'गेम' ही एकच वस्तू आहे यावर दोघांचं एकमत. आता पोथी, मटक्याचा चार्ट आणि दवाखान्याचं बिल, तिन्ही कागदावरच छापलेली असतात. म्हणून 'कागद चांगला की वाईट' अशी ग्रामसभा कुणी भरवतं का? माझं म्हणणं असं की गेमची पारख पडद्यावरून होत नाही आणि घड्याळावरूनही होत नाही. तो बनवणाऱ्याचं पोट कशावर भरतं ते पाहावं. एकदा किंमत घेऊन तुम्हाला मोकळं करणारा गेम वेगळा, आणि तुम्ही जागचे उठू नये यावरच ज्याचा गल्ला चालतो तो वेगळा. पहिल्या जातीचे गेम एकटादुकटा माणूस किंवा चारपाच जणांचा गट बनवतो, मोठ्या कंपनीच्या छत्राखाली न जाता. ते मी दहा वर्षं खेळतो आहे, आणि शाळेच्या ग्रंथालयात त्यांना एक फळी मिळावी इथपर्यंत माझं मत गेलं आहे.

बंदी मागणाऱ्यांना अडाणी ठरवणं सोपं असतं. तसं ठरवणारे बहुधा कर्ज बुडालेल्या घराच्या ओसरीवर बसून आलेले नसतात. मी बसून आलो आहे, त्यामुळे मला ती भीती कळते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, त्याचं मला कौतुक आहे. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावाने अठराखालच्या मुलांना मोबाईलच नको असा ठराव केला. चीनने तर 2021मध्ये अल्पवयीनांना ऑनलाइन गेमसाठी आठवड्याला साधारण तीन तास नेमून दिले. गाव असो की देश, मापायची पट्टी तासांची, नाहीतर वयाची. पण चार तास बुद्धिबळाच्या पटावर बसलेल्या पोराचा आपण सत्कार करतो, आणि आमच्या गावातलं पीककर्ज जायला एक रात्र पुरली. तासांनी काय मोजलं मग?

ग्रामसभेला जे सुचलं नाही ते पाचच दिवसांनी लोकसभेला सुचलं. 20 ऑगस्टला तिथे ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत, आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. त्यात गेमचे सरळ तीन वर्ग पाडले आहेत: ई-स्पोर्ट म्हणजे स्पर्धेचे गेम, सोशल गेम म्हणजे करमणुकीचे, आणि पैसे लावून खेळायचे गेम. बंदी आहे ती तिसऱ्यावर. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी पडदा सोडून पैसा कुठल्या वाटेने जातो ते पाहिलं. (त्याच्या आधीच्या महिन्यात आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांचा सभागृहातला मोबाईलवरचा व्हिडिओ गाजला होता. रमी खेळत होते हा आरोप, समोर आलेली जाहिरात घालवत होतो हा त्यांचा खुलासा. शेवटी कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा. आमच्याकडे पारावर त्यावर जे विनोद झाले ते छापण्यासारखे नाहीत.)

हा भेद आपल्याला नवा वाटावा याचंच मला नवल वाटतं. पैठणजवळचं आपेगाव हे ज्ञानेश्वरांचं गाव, आणि मोक्षपट परंपरेने त्यांच्याच नावावर सांगितला जातो. परंपरेचं सोडा, पट बघा. कवड्या टाकायच्या, शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, शेवटच्या घरात मोक्ष. मोक्ष मिळाला की डाव संपला, उठा आणि जेवायला चला. हस्तिनापुरात मांडला गेला तोही पटच होता. तिथे मात्र सगळं हरून, धृतराष्ट्राच्या कृपेने सगळं परत मिळून, धर्मराज पुन्हा त्याच पटाशी येऊन बसला आणि पुन्हा हरला. दैव दोन्हीकडे होतं, लोभी माणूसही दोन्हीकडे. धर्मराजाने उठू नये ही शकुनीची गरज होती. मोक्षपट आखणाऱ्याची गरज उलटी, आपण वर पोचावं ही. आज एखाद्या ॲपमध्ये 'रोज या, रोज बक्षीस' अशी घंटी वाजते तेव्हा ती कुणाची गरज असते?

गेमची बाजू घेणाऱ्यांचा एक लाडका युक्तिवाद आहे: पूर्वी कादंबऱ्यांना नावं ठेवली, मग नाटकांना, मग सिनेमाला, आता गेमला, दहा वर्षांनी सगळे गप्प बसतील. मला हा युक्तिवाद पटत नाही, जरी तो माझ्या सोयीचा असला तरी. कोणत्याही कादंबरीने सत्तराव्या पानावर 'पुढचं पान हवं तर दहा रुपये, किंवा चार तास थांबा' असं म्हटलं नव्हतं. वाचक कुठे रेंगाळतो हे मोजून रातोरात प्रकरण बदलणारा लेखकही झाला नाही. आजच्या फुकट मोबाईल गेमांपैकी पुष्कळांचा कणा हाच आहे, आणि त्यांच्याबद्दलची भीती ही केवळ जुन्या पिढीची कुरकुर नाही. म्हणूनच छोट्या, स्वतंत्र गेमांना त्या रांगेतून बाहेर काढून बघायला हवं.

बघायचं म्हणजे कसं? एक गेम जवळून सांगतो. 'पेपर्स, प्लीज', 2013चा, लुकास पोप नावाच्या एकट्या माणसाने बनवलेला. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही पारपत्र तपासणारे कारकून. खिडकीबाहेर रांग. एकेक जण येतो, कागद सरकवतो. नाव, तारीख, फोटो, शिक्का जुळवायचा. हिरवा ठसा किंवा लाल ठसा. जितकी माणसं तपासाल तितका त्या दिवसाचा पगार, आणि त्यातून घरभाडं, जेवण, घरातली ऊब. पाचव्या दिवशी एक माणूस येतो, कागद चोख. जाता जाता म्हणतो, माझ्या मागे बायको आहे, तिच्याशी जरा नीट वागा. बायको येते आणि तिचा एक परवाना कमी असतो. परत पाठवलं तर मरेन, म्हणते. सोडलं तर यंत्रातून चूक झाल्याची चिठ्ठी बाहेर येणार. दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्या ताकीद म्हणून माफ असतात, तिसरीपासून दंड. माझ्या त्या दिवशीच्या दोन माफीच्या चिठ्ठ्या आधीच संपल्या होत्या. मी लाल ठसा मारला.

मी आयुष्यभर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, सातबाऱ्यावरची आजोबांच्या नावातली एक वेलांटी. 'हा कागद नाही, उद्या या' हे वाक्य मराठवाड्यात जन्मलेल्याला पाढ्यांसारखं पाठ असतं. आतल्या खुर्चीतल्या माणसाचा मला कायम संताप आला आहे, आणि तो रास्त होता असं अजूनही मानतो. पण आतल्या खुर्चीत बसून, मागे घरभाडं आणि पुढे रांग असताना, तो लाल ठसा आपल्याच बोटाने कसा मारला जातो हे मला कुठल्या अग्रलेखाने सांगितलं नव्हतं. कथाही सांगते, पण कथेत ठसा दुसरं कुणीतरी मारतं. इथे मी मारला आणि त्या रात्री लॅपटॉप मिटून गच्चीवर गेलो. हा गेम संपतो. त्याचे वीस शेवट आहेत, पण प्रत्येक शेवट खरोखरचा आहे. याच पोपचा 2018चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' तर एकदाच खेळता येतो: ईस्ट इंडिया कंपनीच्या विम्याचा माणूस होऊन जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं याचा पंचनामा करायचा. उत्तरं कळली की पुन्हा खेळण्यात अर्थच उरत नाही. आपलाच माल पुन्हा न खपणारा करून ठेवणाऱ्या धंद्याला व्यसनाचा धंदा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आता प्रतिपक्षाचं सगळ्यात जड माप टाकतो. छोटा म्हणजे साधू, असं नाही. 'फ्लॅपी बर्ड' व्हिएतनामच्या एका तरुणाने एकट्याने बनवला होता आणि जगभरच्या लोकांना त्याने खुळं केलं. 2024चा 'बालाट्रो' कॅनडातल्या एकट्या माणसाने केला. पोकरच्या पानांचा हा खेळ माझ्या कितीतरी रात्री खाऊन गेला. 'अजून एक डाव' हे मी पहाटे अडीचला म्हटलेलं आहे, कुणाला ठाऊक नाही म्हणून इथं लपवणं बरं नव्हे. मग माझ्या आणि त्या तेवीस वर्षांच्या पोरात फरक काय? एक तर, सकाळी माझे डोळे लाल होते, सातबारा नाही. दुसरं, 'फ्लॅपी बर्ड'च्या कर्त्याने 2014च्या फेब्रुवारीत, गेम धो धो पैसा आणत असताना, लोकांना त्याची चटक लागली म्हणून तो स्वतःच्या हाताने मागे घेतला. भागधारक असलेल्या कंपनीत हे कुणाला करू दिलं असतं? 'बालाट्रो'चा किस्सा अजून बोलका आहे. त्यात पैसा लावता येत नाही, तरी पत्ते दिसतात म्हणून युरोपातल्या पेगी या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने त्याला 18 वर्षांपुढचा शिक्का मारला. आणि खऱ्या पैशांनी बंद पाकिटं विकणाऱ्या, आत कोणता खेळाडू निघतो ते नशिबावर सोडणाऱ्या फुटबॉलच्या बड्या गेमला शिक्का होता 3चा. 2025मध्ये 'बालाट्रो'चा शिक्का 12वर आला. दिसण्यावरून निवाडा करायची खोड फक्त आमच्या ग्रामसभेची नाही, एवढाच मला दिलासा.

'स्टार्ड्यू व्हॅली'बद्दल मात्र मला लांबण लावावी लागेल. एरिक बरोन या माणसाने साडेचार वर्षं एकट्याने चित्रं, संगीत, प्रोग्रॅम सगळं करून हा शेतीचा गेम 2016च्या फेब्रुवारीत आणला. एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, माझ्या खोलीतल्या बादलीवर ताटली आणि ताटलीवर दगड ठेवलेला असे, आणि रात्री मी पडद्यावर झारी घेऊन पार्सनिप नावाच्या कंदाला पाणी घालत होतो. आडतीवर दोन पोती हरभरा घालून गावाकडचे आमचे अण्णा मुक्कामाला आले. बाजेवर बसून त्यांनी दहा मिनिटं बघितलं.

"काय करूलालास रं?"

"शेती."

"मोटार कुठं हाय?"

मोटार नव्हती. तळं होतं, झारी बुडवली की भरायची, आणि तळं आटत नव्हतं. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगत आणि ते खरं निघे. वीस नाण्यांचं बी चार दिवसांत पस्तीस नाण्यांचं पीक देई. माल दारातल्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. हमाली नाही, तोलाई नाही, कडता नाही, 'माल ओला हाय' म्हणणारा कुणी नाही. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आपल्याला ह्या गावात एखादं घर मिळंल का बग."

म्हणजे हा गेम आमच्यासाठी खोटा आहे का? आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही अशा शहरी माणसाने शेतीचं पाहिलेलं गोड स्वप्न आहे ते, आणि 2024अखेर त्याच्या 4 कोटी 10 लाख प्रती खपल्या त्या काही आमच्या तालुक्यात नव्हे. तरी गंमत अशी की दहा मिनिटांत अण्णांनी त्यातल्या पाच उणिवा नेमक्या सांगितल्या: लाईट, पाण्याचा ताण, डुकरं, आडत, सावकार. शेतीवरचं भाषण ऐकून ते कधी असं बोललेले नाहीत. भाषणाला ते फक्त 'हूं' म्हणतात. भाषण मत मांडतं, गेम नियम मांडतो. नियम चुकलेला त्याला लगेच दिसतो ज्याने त्या नियमाखाली जन्म काढला. खोट्या शेतीनेसुद्धा खऱ्या शेतकऱ्याला बोलतं केलं, तर खरी शेती मांडणारा गेम काय करील? बरोनचा अजून एक गुण नोंदवून ठेवतो: आठ वर्षांनी, 2024च्या मार्चमध्ये, त्याने गेममध्ये मोठी भर घातली आणि जुन्या गिऱ्हाइकाकडून एक पैसा घेतला नाही.

उरला तो इंग्रजीचा आणि पैशाचा मुद्दा. तो मला खरंच अडतो. हे सगळं इंग्रजी येणाऱ्या, लॅपटॉप असलेल्या, फावल्या वेळच्या लोकांचं लाड-प्रकरण आहे, असं कुणी म्हटलं तर मी निम्मं मान्य करतो. लॅपटॉपचा भाग आता पुष्कळ सुटला आहे. 'पेपर्स, प्लीज' आणि 'स्टार्ड्यू' दोन्ही अँड्रॉइड फोनवर चालतात, म्हणजे रमी ज्या फोनवर चालायची त्याच फोनवर. पैशाचं म्हणाल तर एकदाच मोजायचे. संगणकावर स्टीम या दुकानातून घेतला आणि दोन तासांच्या आत खेळून पसंत पडला नाही, तर चौदा दिवसांत पैसे परत मिळतात. रमीत हरलेले पैसे 'पसंत पडलं नाही' म्हणून कुणी परत दिलेत? भाषेचं दुखणं मात्र जागच्या जागी आहे. 'वेंबा' हा 2023चा छोटा गेम टोरोंटोतल्या गटाने केला: कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवरून इडली जमवायची. तासा-दीड तासात संपतो आणि त्याने ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. पुण्यात बनलेला 'राजी' 2020मध्ये जगभर गेला. पण माझ्या बोलीतला, ज्यात 'करूलालास' असं कुणी म्हणतं, असा एकही गेम मी खेळलेलो नाही.

इथे मला साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं आठवतात. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत म्हणून सायक्लोस्टाइल करून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून, शेदोनशे प्रती काढणारी माणसं. त्याच दशकाच्या अखेरीस औरंगाबादेतून, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक उभं राहिलं आणि ज्यांना मराठी साहित्याने दारात उभं केलं नव्हतं त्यांची एक अख्खी पिढी लिहिती झाली. मोठ्या छापखान्याची वाट पाहत बसले असते तर? आज छापखान्याची जागा गोडोसारख्या, गेम बनवायच्या फुकट साधनांनी घेतली आहे. त्याच्या 2023च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जोडाक्षरं नीट उमटत नसत, 'क्ष' फुटायचा, आता उमटतात. शाळेच्या ग्रंथालयाची गोष्ट मी सुरुवातीला केली ती हवेतली नव्हे. वेढलेल्या शहरातल्या सामान्य माणसांनी हिवाळा कसा काढला यावरचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा 2014चा गेम पोलंडच्या सरकारने 2020मध्ये शाळकरी मुलांच्या वाचनयादीत घ्यायचं जाहीर केलं. त्यांनी स्वतःच्याच देशात बनलेला गेम घेतला. आपण घ्यायचा म्हटलं तर कोणता घेणार?

माझा भाचा अकरावीत आहे, लातूरला क्लासला असतो, आणि नीटच्या तयारीत त्याने हे वाचलं तर बहीण मला उभं करणार नाही. दिवाळीत तो गावी आला तेव्हा आम्ही दोनशेपानी वहीत एक गेम आखायला घेतला. संगणक नंतर, आधी कागदावर. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, जून ते फेब्रुवारी. पेरणीनंतर पाऊस किती दिवस दडी मारू शकतो यावर अण्णांनी त्याच्याशी वाद घातला आणि आकडा वाढवून घेतला. सप्टेंबरच्या पुराचं घर नव्हतं, ते त्याने स्वतःहून टाकलं, कारण बांध वाहून गेलेला तो बघून आला होता. पीकविम्याच्या जुन्या नियमाप्रमाणे नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवायचं, पण त्या घरात मोबाईलला रेंज नाही, हा नियम माझा. अडलं ते भावापाशी. सोयाबीनचा 2025चा हमीभाव क्विंटलला 5,328 लिहावा तर आडतीवर तो मिळत नाही, आणि आडतीवरचा लिहावा तर रोज वेगळा. भाच्याने तीन सूत्रं करून बघितली, आवक, ओलावा, परदेशातलं तेल. अण्णांनी चष्मा काढून वही लांब धरली, वाचली, आणि म्हणाले, "एवढं कशाला? तिथं कवड्या टाक."